संमतीचा विचार आणि वैद्यवर्ग

बलात्काराची बातमी आली की चर्चा प्रायः आरोपीच्या शिक्षेभोवती फिरते. पीडितेचाच शब्द खोटा ठरविणाऱ्या समजुतींची चर्चा मात्र क्वचितच होते. यांतील काही समजुती वैद्यकीय अहवालाच्या वाटेनेच न्यायालयात पोहोचल्या. म्हणून हा विषय आम्हा वैद्यांचाही आहे.

१९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. हेच पुढे ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखले गेले. अंगावर जखमा नाहीत व पूर्वी शरीरसंबंध आलेला आहे, असा वैद्यकीय निष्कर्ष होता. नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी धरले; परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे १९७९ मध्ये चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुल्या पत्राद्वारे कळविले. देशभर आंदोलने झाली व १९८३ मध्ये कायदा सुधारला गेला.

२०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर, २०१३ च्या दुरुस्तीने शारीरिक प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती नव्हे, हे कायद्यातच लिहिले गेले. योनिपरीक्षणाची ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय व पीडितेच्या प्रतिष्ठेवर आघात करणारी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा ठणकावले व ती करणाऱ्यास गैरवर्तनाबद्दल दोषी धरण्याचा इशारा दिला.

संमतीचा हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला आहे, असे काही जण म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात सद्वृत्त सांगताना, जिची इच्छा नाही अशा स्त्रीशी समागम करू नये, असा स्पष्ट निषेध आहे. वाजीकरण हे अष्टांगांपैकी एक अंग होय. पण त्याला ही मर्यादा आहे. आज मात्र ‘मर्दानी ताकद’ विकणाऱ्या जाहिरातींत पुरुष जिंकणारा आणि स्त्री जिंकली जाणारी, असेच चित्र दिसते. लैंगिक सुखाची क्षमता वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. औषधालयचालकांनी दुकानातील फलक व वेष्टने या दृष्टीने एकदा तपासावीत.

चिकित्सालयात आमचे कर्तव्य काय? पीडितेचा शब्द शांतपणे ऐकावा. ‘एवढ्या रात्री तेथे का गेली होतीस?’ हा प्रश्न चिकित्सेचा नव्हे. तपासणी तिच्या संमतीनेच व्हावी. जखम नाही म्हणून अत्याचार नाही, असा शेरा कदापि लिहू नये. गर्भधारणा व एचआयव्ही यांच्या प्रतिबंधाचे उपचार ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके अधिक उपयुक्त. म्हणून प्रथमोपचार करून तिला विनाविलंब सुसज्ज रुग्णालयात पोहोचवावे. तेथे, रुग्णालय सरकारी असो वा खासगी, मोफत उपचार नाकारणे हा गुन्हा आहे. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असल्यास पोक्सो कायद्यान्वये पोलिसांना कळविणे आपणांस बंधनकारक आहे.

कायदा बदलला, तरी घरातील भाषा सावकाश बदलते. तारुण्यात पदार्पण करणारे मुलगे स्वप्नदोषाच्या भीतीने आमच्याकडे येतात. त्यांची भीती दूर करतानाच नकाराचा मान राखण्याविषयी दोन शब्द सांगणे, हेही सद्वृत्ताचेच शिक्षण होय.