तंबूला माजघर नसते

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून सुटीच्या दिवसांत तंबू घेऊन रानावनात चार दिवस काढण्याची हौस वाढू लागली आहे. ही हौस तरुणांची, असे मानून वडील माणसे तिच्याकडे कौतुकाने अथवा नापसंतीने पाहतात. स्वतः मात्र घराची ओसरी सोडीत नाहीत. मीही त्याच वर्गातला. परंतु गेल्या दोन हिवाळ्यांत, एकदा राजस्थानच्या वाळवंटात व एकदा मेळघाटच्या डोंगरी अरण्यात, मुलांच्या आग्रहास्तव आमचे सगळे बिऱ्हाड तंबूत जाऊन राहिले, आणि साठी उलटल्यावर मला एक धडा मिळाला. ज्यांच्या घरी तीन-तीन पिढ्या एका छपराखाली नांदत आहेत अशा वाचकांच्या तो उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

तंबूतील वास्तव्य ही काही परकी कल्पना नव्हे. संस्कृतात कापडी निवाऱ्यास पटमंडप, राजाच्या तंबूस उपकार्या व सैन्याच्या तळास स्कंधावार म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे दहावे अधिकरण तळ कसा ठोकावा येथपासूनच सुरू होते. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात राजपुत्र अज इंदुमतीच्या स्वयंवरासाठी विदर्भात, म्हणजे आपल्याच प्रांती, येत असता वाटेत तंबू ठोकून राहतो. खेड्यापाड्यांतील लोकांनी आणलेल्या भेटींमुळे त्याचे मुक्काम रानातले न वाटता उद्यानातले वाटत, असे कालिदास सांगतो. पुढे नर्मदेच्या काठी तळ पडला असता पाण्यातून एक रानहत्ती उसळून वर येतो, आणि क्षणात घोडे दावी तोडतात, रथ मोडतात व साऱ्या तळाची दाणादाण उडते. रानात राहावयाचे तर रानाच्या मालकांचे भान ठेवावे, हा इशारा त्यात आहेच.

मराठी माणसाने तर तंबूत पिढ्याच्या पिढ्या घालविल्या. राहुटी, डेरा, पाल, कनात, मेख, तणावा हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी घरच्या भांड्याकुंड्यांच्या नावांइतके सहज होते. १७५४-५५ साली जयाप्पा शिंद्यांची फौज मारवाडात नागोरला वेढा घालून महिनोन्‌महिने वाळवंटाच्या कडेला तंबूत राहिली. १७५५ च्या जुलैत जयाप्पा त्या छावणीतच मारले गेले. आम्ही राजस्थानात निघालो तेव्हा ही सारी कथा मी नातवंडांना आगगाडीत सांगितली. मला वाटले, प्रवासाची माझी तयारी पूर्ण झाली.

आम्ही लहानथोर नऊ माणसे: मी, सौभाग्यवती, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडे. बोरी अरबहून यवतमाळ जिल्ह्याची काळी जमीन मागे टाकून जोधपूरवरून जैसलमेरास पोहोचलो. तेथे हल्ली यात्रेकरूंसाठी पलंग, न्हाणीघर, विजेचे दिवे असलेल्या तंबूंच्या वसाहती उभ्या असतात. कच्छच्या रणाजवळ धोरडो येथेही हिवाळ्यात तसे तंबूंचे नगर वसते. त्या अजाच्या उपकार्या होत. आमच्या मुलांना मात्र स्वतः मेखा ठोकावयाच्या होत्या. म्हणून जैसलमेरच्या नैर्ऋत्येस एका ढाणीजवळ, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, शेतमालकाच्या संमतीने आम्ही तीन तंबू उभारले. ढाणी म्हणजे आपल्याकडील चार-सहा घरांची वाडी.

पहिला प्रसंग मेखांचाच आला. वाळूत मेख धरत नाही. जोराचा वारा सुटला की उपटून येते. ढाणीतल्या एका म्हाताऱ्याने दाखविले की पिशवीत वाळू भरावी, तिला तणावा बांधावा व पिशवी हातभर खोल पुरावी. मग ती हलत नाही. दुसरा प्रसंग थंडीचा. वाळू दिवसा लवकर तापते व रात्री तितक्याच लवकर निवते; हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाही, त्यामुळे भूमीची उष्णता सरळ वर निघून जाते. दुपारी २५ अंशांच्या घरात असलेला पारा पहाटे ७-८ अंशांवर येई. अंगावरील पांघरुणापेक्षा अंगाखालील घोंगडी अधिक महत्त्वाची, हे आम्हाला पहिल्याच रात्री समजले.

तिसरा प्रसंग पाण्याचा. जैसलमेरकडे वर्षाचा पाऊस सरासरीने २०० मिलिमीटरच्या आतबाहेर. आमच्या जिल्ह्यात तो ९०० च्या आसपास. तेथील लोक घराच्या आवारात टांका म्हणजे जमिनीखालील हौद बांधून पावसाचा थेंब न् थेंब साठवितात. ढाणीच्या टांक्यातून पाणी घेण्याची आम्हास परवानगी मिळाली, पण टांका आमच्या तंबूंपासून पाऊण मैलावर. पिण्यास व स्वयंपाकास माणशी पाच लिटर धरले तरी नऊ माणसांचे पंचेचाळीस लिटर, म्हणजे तितकेच किलो वजन रोज डोक्यावरून अथवा हातातून आणावयाचे. भांडी तेथील रीतीप्रमाणे कोरड्या वाळूने घासून स्वच्छ होत, एवढीच काय ती सवलत.

ते पाणी कोणी आणले, हे मला दोन दिवस लक्षातही आले नाही. मी नातवांना घेऊन टेकाडावर चढत होतो, उंटांचे कळप दाखवीत होतो, नागोरच्या वेढ्याची हकीकत पुन्हा सांगत होतो. मुलगे तंबूंच्या दोऱ्या व छायाचित्रे यांत गुंतलेले. परत यावे तो भाकरी, पिठले व गरम भात तयार. घरी हेच होत असल्यामुळे वाळवंटात ते वेगळे का व्हावे, असा प्रश्न आम्हा पुरुषांपैकी एकालाही पडला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही टेकाडावरून सूर्यास्त पाहून उतरलो. तंबूसमोर तीन दगडांच्या चुलीशी धाकटी सून बसली होती. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. थोरली पाण्याची खेप घेऊन येत होती. माझी अकरा वर्षांची नात थोडा वेळ तिकडे पाहत राहिली व म्हणाली, "आजोबा, आई आणि काकू सूर्यास्त केव्हा पाहणार? उद्या तर आपण चार वाजता भांडी आवरायला घेणार ना?"

प्रश्न निरागस होता. पण मी वर्गात पुष्कळ प्रश्न ऐकले आहेत, व कोणत्या प्रश्नाला उत्तर नसते हे मला कळते. घरी हे सारे माजघरापलीकडे, भिंतीआड चालते. ओसरीवर बसणाऱ्याला तांब्या भरलेला दिसतो, भरणारा हात दिसत नाही. तंबूला ओसरी नाही आणि माजघरही नाही. जे आहे ते उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत. मी दोन दिवस उघड्यावरचेही पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन कॅन घेऊन मी टांक्यावर गेलो. लिटर व किलो यांची कोष्टके मी मुलांकडून तीस वर्षे पाठ करून घेतली. परंतु दहा-दहा लिटरचे दोन कॅन वाळूतून पाऊण मैल आणणे म्हणजे काय, हे त्या सकाळी प्रथम समजले. पाच वेळा खाली ठेवावे लागले. ढाणीतल्या बाया डोक्यावर दोन-दोन घडे घेऊन मला मागे टाकून गेल्या व पदराआड हसल्या. बोरीस नळ येण्यापूर्वी आमच्या सौभाग्यवतींनी किती वर्षे विहिरीचे पाणी ओढले, याचा हिशेब मी वाटेत मनाशी करू लागलो, आणि तो पुरा करण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी परतलो तेव्हा सौभाग्यवती चूल पेटवीत होत्या. त्यांना म्हटले, "चूल राहू द्या, मुले पेटवतील. तुम्ही तिघी टेकाडावर जाऊन या." त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना हे पाहिले. मग गेल्या. परत आल्यावर इतकेच म्हणाल्या, "आपल्या अडाणचे वाळवंटच पसरलेय सगळे. फक्त धुणे धुवायला पाणी नाही."

पुढल्या वर्षी मेळघाटास जावयाचे ठरले तेव्हा निघण्यापूर्वीच मी कागदावर कामांची वाटणी लिहिली. पाणी माझ्याकडे व थोरल्या मुलाकडे; सकाळची चूल धाकट्याकडे; भांडी नातवंडांकडे; रोज दोन बायकांना पूर्ण मोकळीक. शिधा असा घेतला की कोणासही करता यावा: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, भाजणी, खिचडीचे साहित्य मापून बांधलेल्या पुड्या. पहिल्या दिवशी धाकट्या चिरंजीवांची खिचडी बुडाला लागली. ती सर्वांनी मुकाट्याने खाल्ली. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्याकडे पूजा मी नदीवर स्नान करून केली. बाकी अन्न स्वच्छ हातांनी केले की झाले, असे सौभाग्यवतींनीच ठरविले.

यवतमाळहून दारव्हा, मूर्तिजापूरवरून थेट अचलपूरपर्यंत म्हणजे मेळघाटच्या पायथ्यापर्यंत पूर्वी अरुंद मार्गाच्या आगगाड्या धावत; आता त्या बंद आहेत. आम्ही मोटारीने परतवाड्यावरून घाट चढलो. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ वनांत मेळघाट होते. अशा वनात मनास येईल तेथे तंबू ठोकता येत नाही, व ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरण्यास परवानगी लागते, आणि वनास धोका पोहोचेल अशी आग पेटविणे हा गुन्हा आहे. म्हणून आम्ही राखीव वनाबाहेर, एका कोरकू शेतकऱ्याच्या पीक काढलेल्या शेतात, पोलीस पाटलास व वनखात्यास कळवून उतरलो.

येथे वाळवंटाच्या उलट स्थिती. पाणी जवळ, पण त्याच्या अगदी काठी तंबू ठोकू नये. ती जनावरांची वाट असते, व नाला कोरडा दिसला तरी वर पडलेल्या पावसाने एकाएकी भरतो. वाळक्या फांदीखाली राहू नये. रात्री दव इतके पडते, व तंबूतील माणसांच्या श्वासाची वाफही इतकी साठते, की झरोका उघडा न ठेवल्यास पहाटे आतूनच पाणी ठिबकते. थंडीमुळे कोणी शेगडी आत घेऊ पाहील, तर ते प्राणावर बेतेल. बंद तंबूत निखाऱ्यांचा विषारी वायू झोपेतच माणसाला नेतो. मण्यार रात्री उघड्या अंथरुणात शिरते, यासाठी तळ शिवलेला व दार सदा बंद ठेवलेला तंबूच चांगला. जोडे झटकून घालावेत. सर्पदंश झालाच तर मांत्रिक न शोधता रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे, चुलीपाशी राहिलेला चिरंजीव सोडून, शेताच्या बांधावरून फिरावयास निघालो. धाकटी सून पुढे होती. साग, धावडा, ऐन, सालई, मोह, तिवस अशी झाडांची नावे ती साल पाहून, पान चुरगाळून सांगू लागली. कोरकू शेतकरी त्याच झाडांची आपल्या भाषेतली नावे सांगे व ती वहीत टिपून घेई. नातवंडे तिच्या भोवती गोळा झाली, माझ्या भोवती कोणी नव्हते. मी विचारले, "सूनबाई, हे केव्हा शिकलात?"

"मामंजी, मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे," ती म्हणाली. लग्नपत्रिकेत ते छापलेले होते. बारा वर्षांत त्याविषयी आम्ही तिला एक शब्दही विचारला नव्हता.

मग ती संकोचाने म्हणाली, "जैसलमेरला तुम्ही मुलांना ज्या झाडाला बाभळीची जात म्हणालात ना, ती खेजडी. म्हणजे आपली शमी. आपल्याकडचा सौंदड तोच. ढाणीतल्या बायांनी सरपणाला काटक्या दिल्या होत्या, त्यांना पाने आणि शेंगा चिकटलेल्या होत्या. त्या वेळी सांगणार होते. पण चूल पेटत नव्हती."

दर दसऱ्याला शमीची प्रार्थना मी मुखोद्गत म्हणतो. पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर ठेवली ही कथा मी किती वर्गांना सांगितली असेल! १७३० साली जोधपूरजवळील खेजडली गावी ज्या झाडांसाठी अमृतादेवी व शेकडो बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले, ती झाडेही हीच, हे ज्ञानही मजपाशी होते. प्रत्यक्ष झाड मात्र चार दिवस माझ्यासमोर उभे असून मला ओळखता आले नाही. आणि जिला ओळखता आले ती त्याच्याच काटक्या फुंकीत बसली होती.

मराठ्यांच्या छावण्यांत लढणाऱ्यांबरोबर न लढणाऱ्यांचाही मोठा जमाव असे. बखरकारांनी व इतिहासकारांनी त्यांना बुणगे म्हटले व फौजेच्या पराभवाचे खापर अनेकदा त्यांच्या माथी फोडले. त्या जमावात पाणी आणणारे व चुली पेटविणारे किती होते, हे आता कोण सांगणार? नागोरची हकीकत मी नातवंडांना अजूनही सांगतो, परंतु त्या राहुट्यांत पाणी कोठून व कोणाच्या डोक्यावरून येत असेल, हा प्रश्न तिच्यात घालून सांगतो.

ज्या वाचकांना सवड व प्रकृतिस्वास्थ्य आहे त्यांनी हिवाळ्यात चार दिवस तंबूत अवश्य राहून पाहावे. मात्र शिध्याच्या यादीआधी कामांची यादी करावी, आणि ती घरातील वडील पुरुषाने करून आपले नाव तीत पहिले घालावे.

मेळघाटहून परतल्यावर धाकट्या सूनबाईने व नातीने मिळून परसात सौंदडाचे रोप लावले. यंदाच्या दसऱ्यास ते गुडघ्याएवढे झाले होते. प्रार्थना मी म्हटली. नंतर मुलांना झाडाची माहिती तिने सांगितली, व मी खाली बसून ऐकली.