विद्यापीठांचे क्रमांक

बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील पालक न्यासाच्या शिष्यवृत्ती-समितीकडे येतात आणि विचारतात, "अमुक विद्यापीठाचा नंबर कितवा?" हा नंबर कसा ठरतो व त्यास एवढे वजन कोठून आले, ते येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

बडोद्याच्या जुन्या पिढीस ही चिंता नव्हती. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांस शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले, तेव्हा क्रमांक पाहण्यास जगाची यादीच नव्हती. ती शांघायच्या एका विद्यापीठाने २००३ साली काढली. चिनी विद्यापीठे जगाच्या मानाने कोठे आहेत हे पाहण्याचा तिचा हेतू. नोबेल पारितोषिके किती, नामांकित नियतकालिकांत लेख किती, अशी तिची मोजदाद. पुढे लंडनहूनही याद्या निघू लागल्या. भारत सरकारने २०१५ साली 'एन. आय. आर. एफ.' ही स्वतःची पद्धत ठरविली व २०१६ साली पहिली यादी प्रसिद्ध केली. पुढे विद्यापीठांसाठी अध्यापन व साधनसामग्री यांस ३०, संशोधनास ३०, विद्यार्थ्यांच्या यशास २०, सर्वसमावेशकतेस १० आणि लौकिकास १० गुण ठेविले. लौकिक म्हणजे लोकमत. तेही गुणांत बसले!

येथवर ठीक होते. परंतु २०१७ साली सरकारने २० श्रेष्ठ संस्था निवडण्याची योजना काढली आणि अट घातली की, अर्ज करणारी जुनी संस्था देशी यादीत पहिल्या ५० त किंवा जागतिक यादीत पहिल्या ५०० त असावी. निवड झालेल्या सरकारी संस्थेस १००० कोटी रुपयांपर्यंत साहाय्य. म्हणजे जी यादी माहितीसाठी होती, ती तिजोरीची किल्ली झाली. ज्याच्याजवळ आहे त्यास अधिक मिळावे, हा न्याय आम्हांस पटत नाही.

शिवाय मोजले काय जाते? १९४९ साली स्थापन झालेल्या आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरातील पंडितांनी वाल्मीकि-रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९५१ च्या सुमारास हाती घेतलेले हे काम सातवे कांड छापून १९७५ साली पुरे झाले. गेल्या दोन-तीन वर्षांतील लेख व त्यांचे उल्लेख मोजणाऱ्या पद्धतीत अशा तपश्चर्येस किती गुण मिळणार? ललितकला विभागातील चित्र तर लेखच नव्हे.

तरी यादी अगदीच टाकाऊ नाही. देशी यादीत भाग घेणाऱ्या संस्थेस आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. पालकांनी क्रमांक बाजूस ठेवून ती उघडावी. शिक्षक किती व किती वर्षांचे, पदवीधरांस मिळालेला मधला पगार किती, आर्थिक दृष्ट्या दुर्बल विद्यार्थी किती आणि त्यांतील कितींस पूर्ण फीमाफी मिळाली, हे सारे तेथे आकड्यांत असते. ज्यांस ते पाहणे जमत नसेल, त्यांना आमच्या समितीचे सभासद शेजारी बसून दाखवितील.