त्वचेची तक्रार आणि ताटाचा दोष

मनुष्याच्या शरीरांतील सर्वांत मोठें इंद्रिय कोणतें, हा प्रश्न आम्ही दर वर्षीं आठवीच्या वर्गास विचारीत असतों. कोणी यकृत म्हणतो, कोणी फुप्फुस म्हणतो. मागील बाकावरील एखादा हजरजबाबी विद्यार्थी ‘पोट’ असें सांगून वर्गास हंसवितो. ‘त्वचा’ हें उत्तर फार थोड्यांना सुचतें. प्रौढ मनुष्याची त्वचा पसरून मोजली तर ती सुमारें दीड ते दोन चौरस मीटर भरेल. तरीहि ती एक जिवंत इंद्रिय आहे, तिला रोज अन्न लागतें, ती रोज झिजते व रोज नवी होते, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. भिंतीला जसा रंग तशी शरीराला कातडी, अशीच बहुतेकांची समजूत दिसते. मग भिंतीचा रंग उडाला म्हणजे वरून नवा हात फिरवावा, हाच न्याय चेहऱ्यासहि लागूं होतो.

ही समजूत किती महाग पडते याचा एक अनुभव आमच्या पदरीं आहे. तो सांगण्यास संकोच वाटतो, कारण त्यांत चूक आमचीच होती.

कांहीं वर्षांपूर्वीं वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे असतांना, पांचवींतील एक मुलगा दिवाळीची सुटी संपवून परत आला. त्याच्या तोंडाचे दोन्ही कोपरे फाटले होते, ओठ उलले होते, जीभ लालबुंद झाली होती आणि नाकाच्या कडेला कोंडा धरला होता. सोबत वडिलांची चिठ्ठी होती. मुलाच्या अंगांत उष्णता शिरली असून कडक पथ्य चालू आहे. अंडें, डाळ व शेंगदाणे उष्ण म्हणून बंद, दूध कफ करतें म्हणून बंद, पालेभाजी बाधेल म्हणून बंद. मऊ भात, साखर आणि बिनदुधाचा चहा एवढेंच द्यावें, असें तींत लिहिलें होतें. आम्हीं ती चिठ्ठी अक्षरशः पाळली. एवढ्यावरच थांबलों असतों तरी पुष्कळ होतें. हा विकार इतरांस लागेल अशा भीतीनें आम्हीं त्याचें ताट-वाटी निराळी केली व पंगतीच्या शेवटीं भिंतीकडे त्याचा पाट मांडला. तीन आठवडे तो तेथें मुकाट्यानें जेवला. तोंड मात्र अधिकच फाटत गेलें, शेवटीं त्याला घांस घेण्यासाठीं तोंड उघडवेना, तेव्हां कोठें आम्ही त्याला जवळच्या दवाखान्यांत नेलें.

तेथील डॉक्टरबाईंनीं त्याचें तोंड पाहिलें, जीभ पाहिली, आणि मग त्याचें जेवण विचारलें. आम्हीं पथ्याची यादी मोठ्या तत्परतेनें वाचून दाखविली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली व त्या यादींतील एकेक जिन्नस त्याला आजपासून द्या म्हणून सांगितलें. सोबत थोड्या गोळ्या दिल्या. पंधरवड्याच्या आंत कोपरे भरून आले.

दूध, ताक, अंडीं, डाळी व हिरव्या पालेभाज्या यांत रायबोफ्लेविन नांवाचें एक जीवनसत्त्व असतें. पेशींना अन्नापासून शक्ति मिळण्याच्या कामीं तें लागतें. आणि जेथें पेशी झपाट्यानें बदलतात, म्हणजे ओठ, जीभ व नाकाच्या कडा, तेथें त्याची उणीव लवकर दिसते. हें जीवनसत्त्व उजेडानें नाश पावतें; यास्तव दूध उन्हांत उघडें ठेवूं नये. भाजी चिरल्यावर पाण्यांत भिजत घालणें व शिजवलेलें पाणी ओतून देणें, या दोन संवयींनींहि त्याचा पुष्कळसा भाग मोरींत जातो. अर्थात् फाटलेलें प्रत्येक तोंड याच कारणानें फाटतें असें नाहीं. लोहाच्या कमतरतेनें किंवा बुरशीनेंहि तसें होतें. म्हणूनच निदान वैद्यानें करावें, शेजाऱ्यानें करूं नये, आणि वसतिगृहाच्या अधीक्षकानें तर मुळींच करूं नये.

आमच्या हातून जें लहान प्रमाणावर घडलें, तेंच एके काळीं अमेरिकेंत फार मोठ्या प्रमाणावर घडलें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील दक्षिणेकडील संस्थानांत पेलाग्रा नांवाचा रोग पसरला. गळा, हात, पाय, जेथें जेथें ऊन लागे तेथील कातडी लाल होऊन मग काळवंडे, खरखरीत होई व सोलून निघे. गळ्याभोंवतीं तर जणूं माळ घातल्यासारखा पट्टा उमटे. पुढें अतिसार लागे, बुद्धि भ्रमे आणि मृत्यु येई. १९०६ पासून १९४० पर्यंत सुमारें तीस लक्ष लोकांना हा रोग झाला व सुमारें एक लक्ष दगावले असा अंदाज आहे. रोग कातडीवर दिसे, गरिबांच्या वस्तींत दिसे, घरांतील एकामागून एकास होई. तेव्हां तो स्पर्शजन्य असला पाहिजे असें पुष्कळ विद्वानांचें मत पडलें. रोग्यांना लोक टाळूं लागले. निराळा पाट तेथेंहि मांडला गेला.

१९१४ सालीं सरकारी आरोग्यखात्यानें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस या कामीं नेमिलें. त्यांनीं प्रथम सूक्ष्मदर्शकाकडे धांव घेतली नाहीं. ते अनाथालयें व वेड्यांचीं इस्पितळें पहात हिंडले, आणि एक साधी गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली : रोग आश्रितांना होई, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नोकरांना होत नसे. संसर्गाला आश्रित व नोकर हा भेद कसा कळावा? भेद होता तो ताटांत. मिसिसिपींतील जॅक्सन गांवच्या अनाथालयांत तर सहा ते बारा वर्षांच्या मुलांनाच रोग अधिक होता. त्याहून लहान मुलांना दूध मिळे. मोठीं मुलें काम करीत म्हणून त्यांना मांस मिळे. मधल्यांच्या वांट्याला दोन्ही नव्हतें. त्यांना मिळे तें गरिबांचें नेहमींचें अन्न : मक्याचें पीठ, डुकराची चरबी व काकवी. गोल्डबर्गर यांनीं मुलांस दूध, अंडीं, मांस व कडधान्यें चालू केलीं, आणि पुढील वर्षीं त्या आश्रमांतून रोग जवळजवळ नाहींसा झाला. कोणासहि मलम लावावें लागलें नाहीं.

तरी लोकांस पटेना. तेव्हां १९१५ सालीं त्यांनीं मिसिसिपींतीलच एका तुरुंगाच्या शेतावर, शिक्षामाफीच्या वचनावर स्वेच्छेनें पुढें आलेल्या अकरा निरोगी कैद्यांस तेंच निकृष्ट अन्न दिलें; त्यांतील सहांना रोग झाला. १९१६ सालीं त्यांनीं स्वतः, त्यांच्या पत्नीनें व सहकाऱ्यांनीं रोग्यांचें रक्त आपल्या अंगांत टोंचून घेतलें; कोणासहि कांहीं झालें नाहीं. आजच्या नीतीला त्या कैद्यांवरील प्रयोग मान्य होणार नाहीं, व तें योग्यच आहे. पण स्वतःच्या दंडांत सुई खुपसून घेणाऱ्या त्या दांपत्यापुढें आमची मान लवते. नेमकें कोणतें द्रव्य कमी पडत होतें हें कळण्यापूर्वींच, १९२९ सालीं, गोल्डबर्गर वारले. १९३७ सालीं एल्वेजेम यांनीं तें शोधून काढिलें. त्यास आज आपण नायसिन म्हणतों.

आतां यांतील खरी गंमत पहा. मका हें मूळचें अमेरिका खंडाचें धान्य. मेक्सिकोंतील लोक हजारों वर्षें मक्यावर जगले, परंतु पेलाग्रा त्यांच्या वांट्याला असा आला नाहीं. कारण ते मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, धुवून, मग वाटीत. मक्यांत नायसिन असतें, पण तें असें बांधलेलें असतें कीं आपल्या आंतड्यांना तें सोडवितां येत नाहीं. चुना तें सोडवितो. युरोपियन लोकांनीं मका तेवढा उचलून नेला, चुना तेथेंच राहूं दिला. १७३५ सालीं स्पेनमध्यें कासाल या वैद्यानें या रोगाचें वर्णन केलें, व इटलींत त्यास ‘खरखरीत कातडी’ या अर्थाचें पेलाग्रा हें नांव पडलें. ज्या म्हाताऱ्या मेक्सिकन बाया मक्यांत चुना टाकीत, त्यांना रसायनशास्त्राचा गंध नव्हता. स्वयंपाकघरांतील जुन्या चालीरीतींस एकदम अडाणीपणा म्हणूं नये, हें आम्ही यावरून शिकलों; मात्र जुनें तेवढें सगळें शहाणपणाचें असेंहि नव्हे, कारण त्या मुलाचें पथ्यहि जुनेंच होतें.

हा रोग केवळ मका खाणाऱ्यांचा नव्हे. दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांतहि तो आढळला, व हैदराबादच्या पोषण-संशोधनशाळेंतील डॉ. गोपालन् व डॉ. श्रीकंटिया यांनीं १९६० सालीं त्याचा संबंध ज्वारींतील ल्यूसीन नांवाच्या द्रव्याशीं जोडला. त्या उपपत्तीवर पुढें बराच वाद झाला. तो शास्त्रज्ञांवर सोपवूं. याचा अर्थ भाकरी वाईट असा कोणीं घेऊं नये. वाईट आहे ती नुसती भाकरी. सोलापुराकडील घरांत भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी असते, पिठलें असतें, कधीं ताकाची वाटी असते. शेंगदाण्यांत नायसिन विपुल आहे. दुधांत तें थोडें असलें तरी दुधांतील प्रथिनांपासून शरीर स्वतः तें बनवूं शकतें. म्हणजे चटणी ही केवळ तोंडीं लावण्याची वस्तु नव्हे. आपल्या ताटाची डावी बाजू ही उजव्या बाजूची उणीव भरून काढीत असते. ती डावी बाजू रिकामी पडूं लागली कीं कातडी बोलूं लागते.

बाहेरून काय लावावें, असें मुली आम्हांस विचारतात. आमचें उत्तर त्यांना फारसें रुचत नाहीं. त्वचेवर तिचें स्वतःचें तेल असतें व ती किंचित् आम्ल असते. साबण अल्कधर्मी असल्यामुळें तो वारंवार चोळल्यानें तें तेल निघून जातें व कातडी कोरडी पडते. घामाच्या जागा साबणानें धुवाव्या, इतर अंगास पाणी पुरे. थंडींत ओलसर अंगावर थोडें खोबरेल लावावें. दिवाळीचें उटणें सौम्य आहे, तें लावण्यास हरकत नाहीं. परंतु ‘नैसर्गिक’ या शब्दानें भुलूं नये. लिंबाचा रस तोंडास चोळून उन्हांत गेल्यास कातडी भाजून फोड येतात व महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. लिंबाहून नैसर्गिक काय असणार? गोरेपणा देण्याचा दावा करणाऱ्या मलमांविषयीं तर बोलावें तितकें थोडें. त्यांतील कांहींत पारा सांपडला आहे, आणि पारा मूत्रपिंडांस अपाय करितो. आपला सांवळा रंग हें कातडीनें उन्हाविरुद्ध धरिलेलें छत्र आहे. तें मिटविण्यासाठीं पैसे खर्चणें आम्हांस तरी समजत नाहीं.

एक गोष्ट मात्र वयाबरोबर अधिकाधिक जाणवूं लागली आहे, ती लक्ष देऊन जेवण्याची. हल्लीं मुलें भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पहात जेवतात, आणि ताटांत काय होतें असें विचारल्यास त्यांना आठवत नाहीं. पालकांसहि पुष्कळदां आठवत नाहीं. गोल्डबर्गर यांच्याजवळ प्रथम कोणतेंहि नवें यंत्र नव्हतें; कोण काय खातो याकडे त्यांनीं लक्ष दिलें, इतकेंच. तें काम घरींहि करितां येतें. सायंकाळचें एक जेवण सर्वांनीं एकत्र, पडदा दूर ठेवून, सावकाश घ्यावें. कोणत्या मुलानें भाजी बाजूस सारली, कोणाचे ओठ उलले आहेत, कोण तिखट लागतांच कळवळला, हें आईबापांस आपोआप दिसतें.

यंदापासून वसतिगृहाच्या प्रवेशपत्रिकेंत ‘पथ्य’ या रकान्याखालीं आम्हीं आणखी एक रकाना आंखला आहे : गेल्या महिन्यांत मुलानें रोज काय खाल्लें? तो पालकांनीं रिकामा ठेवूं नये. ‘सर्व कांहीं खातो’ असें एका ओळींत लिहूनहि मोकळें होऊं नये. दूध कितीदां, डाळ कितीदां, पालेभाजी कितीदां, हें आंकड्यांनीं लिहावें. आठवत नसेल तर आठवडाभर पाहून मग लिहावें, पत्रिका उशिरा आली तरी आम्ही ती घेऊं.