चाळणीतून काय गळतं?

ऑगस्ट २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं पालकांना एक सॉफ्टवेअर फुकट वाटायला घेतलं. मुलांच्या संगणकावर अश्लील काही येऊ नये, हा हेतू. योजनेचा खर्च ८ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. मेलबर्नच्या एका १६ वर्षांच्या शाळकरी मुलानं ते अर्ध्या तासात निकामी केलं. वर कडी म्हणजे, पडद्यावरचं त्याचं चिन्ह त्यानं जागच्या जागी ठेवलं. आईबापांना वाटावं, पहारा चालू आहे!

असा पहारा चालतो कसा? ब्राउजरमध्ये संकेतस्थळाचं नाव टाकलं की फोन आधी त्या नावाचा आकडी पत्ता विचारतो. नावावरून पत्ता सांगणारी ही व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये आखली. घरगुती गाळणी बहुधा इथेच बसते. विचारलेलं नाव अश्लील संकेतस्थळांच्या यादीत असेल, तर ती पत्ता देतच नाही, किंवा ०.०.०.० असा कुठेच न पोचवणारा पत्ता देते. पान उघडत नाही. काम झटपट, खर्च जवळपास शून्य.

पण या गाळणीला फक्त नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. आजकाल बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध असते, म्हणून ते पान वाटेतही वाचता येत नाही. त्यामुळे लाखो निरुपद्रवी व्हिडिओ आणि चार भलतेच व्हिडिओ एकाच नावाखाली असतील, तर डीएनएसपुढे दोनच वाटा उरतात: सगळं उघडा किंवा सगळं बंद करा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मित्रानं पाठवलेली क्लिप तर तिला दिसतही नाही.

भोकं बारीक केली तर पीठही अडकतं. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या गाळणीनं इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नाही, कारण गावाच्या नावात एका इंग्रजी शिवीची चार अक्षरं लागोपाठ येतात. १ एप्रिल २०२० रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीनं कुटुंबांसाठी मोफत डीएनएस सेवा सुरू केली. तिनं समलिंगी व्यक्तींना माहिती आणि आधार देणारी संकेतस्थळंही अडवली. चुकीची यादी वापरली गेली होती. कंपनीनं माफी मागून ती बदलली. यादी शेवटी माणसंच करतात.

दुसरा उपाय थेट चित्राकडे बघतो. अॅपलनं डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत मुलांच्या आयफोनवर अशी सोय आणली. मेसेजमधून आलेलं चित्र फोनच तपासतो आणि त्यात नग्नता वाटली तर ते धूसर करून मुलाला सावध करतो. तपासणी फोनमध्येच होते, चित्र कंपनीकडे जात नाही. नाव बघून अंदाज करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणा.

आणि एवढं करून उपयोग किती? ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश यांनी युरोपातल्या मुलांची आणि पालकांची माहिती तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला: मुलांच्या नजरेस लैंगिक मजकूर पडला की नाही, यातला अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक घरातल्या गाळणीशी जोडता येतो. म्हणून ती फेकून द्यावी असं नाही. कार्टून शोधताना सात वर्षांच्या पोराचं बोट भलत्या दुव्यावर पडलं, तर ती उपयोगी पडू शकते. पंधराव्या वर्षी ठरवून शोधणाऱ्याला मात्र गाळणीला वळसा घालणारं व्हीपीएन पुरतं. त्या वयात गाळणीपेक्षा घरातलं बोलणं जास्त कामाचं, आणि आपल्याकडे नेमकं तेच टाळलं जातं.

लहान मूल घरात असेल तर वायफाय राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या दोन रकान्यांत क्लाउडफ्लेअरच्या त्या मोफत सेवेचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे भरा. मात्र फोन मोबाइल डेटावर गेला की राउटरची ही गाळणी सुटते. त्यासाठी अँड्रॉइड ९ पासून फोनमध्येच ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे; तिथे आकडे चालत नाहीत, सेवेचं नाव लिहावं लागतं.