वाळ्याची ताटी

दिवाळीच्या गुलाबी थंडीत उन्हाळ्याच्या गोष्टी कशाला, असे वाचक म्हणतील. पण मी पडलो नागपूरचा! मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला, की नागपूरकर ते अभिमानानेच सांगतो. आमच्या लहानपणी चैत्र सरता सरता आजोबा माळ्यावरून वाळ्याच्या ताट्या काढीत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात दाबून बसवलेली वाळ्याची मुळे. ताटी पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांधायची. तिच्यावर पाणी मारण्याचे काम आम्हां मुलांचे.

‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात शकुंतलेला ऊन बाधले आहे असे समजून सख्या वाळ्याचा लेप नेतात. (खरे दुखणे निराळेच असते!) संस्कृतात वाळ्याला ‘उशीर’ म्हणतात. वर्गात हे सांगितले, की उशिरा आलेली मंडळी हमखास हसतात.

पुढे कूलर आला आणि ताट्या माळ्यावरच राहिल्या. कूलर म्हणजे तरी काय, विजेवर चालणारी ताटीच! एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. हवा कोरडी असली तर पाणी झपाट्याने उडते. म्हणूनच मुंबईच्या बिऱ्हाडी मी ताटी लावली, तेव्हा खोली गार न होता नुसती सुगंधी आणि कोंदट झाली. सौभाग्यवतींनी चार दिवसांत ती उतरवली. दमट गावी खिडकीबाहेर बांबूची चीक सोडावी, हे बरे. ऊन काचेबाहेरच अडले पाहिजे. आतला पडदा स्वतः तापतो आणि ती ऊब खोलीतच राहते.

एका मे महिन्यात मी आईकडे गेलो होतो. भर दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. पंखा बंद, कूलर बंद. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचे अंग तापले, डोके ठणकू लागले. डॉक्टर म्हणाले, “ओल्या फडक्याने अंग पुसा, खोली गार ठेवा. गुंगी वाटली तर तडक इस्पितळात आणा.”

माळ्यावर एकच ताटी शाबूत निघाली. झडलेल्या जागी कूलरच्या जाळीतला वाळा भरला, ताटी खिडकीला बांधली आणि दोन बादल्या पाणी ओतले. बाहेर लू सुटली होती. पण खोलीत वास तेवढा आला, गारवा येईना.

आईने डोळे न उघडताच म्हटले, “अरे, समोरची खिडकी उघड. वाऱ्याला बाहेर जायला वाट नको का?”

उघडली. थोड्या वेळाने तिने पाणी मागितले, मग चहा.

वीज रात्री नऊला आली. मी कूलर लावायला उठलो, तर म्हणाली, “राहू दे.”

मी आणखी एक बादली भरून आणली.