श्वान घुटमळले, तिथून पुढे

‘ठसेतज्ज्ञ आणि श्वान पथकाला पाचारण करण्यात आले.’ जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रात घरफोडीची बातमी आली, की हे वाक्य ठरलेलं. पाठोपाठ दुसरं: ‘श्वान महामार्गापर्यंत जाऊन घुटमळले.’ वाचणाऱ्याला वाटतं, कुत्रं हरलं. पण चोर तिथून मोटारसायकलवर बसून गेला असेल, तर जमिनीवरचा माग तिथेच तुटणार. घुटमळणं हीही मग माहितीच.

या नाकाची परीक्षा पाहावी तर दीपनगरात. भुसावळजवळ महामार्गाला लागून औष्णिक वीज केंद्र, त्याची वसाहत, कोळसा, राख, ट्रकांचा धूर. या साऱ्यातून श्वानाला एकाच माणसाचा वास वेगळा काढायचा असतो. अंगावरून सतत गळणारे त्वचेचे कण, घाम, तेलकटपणा आणि त्यांवर जगणारे जिवाणू मिळून हा वास घडतो. ओलसर माती-गवतावर तो टिकतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा हा वास तापलेल्या डांबरावरून झपाट्याने उडतो. बघ्यांच्या पावलांनी तर आणखीच गोंधळ होतो. म्हणून पथकाला गर्दीआधी, शक्यतो उन्हाआधी पोचावं लागतं.

मग असा माग कोर्टात चालतो का?

महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं. श्वानाची उलटतपासणी घेता येत नाही. त्याला काय कळलं, ते त्याला हाताळणाऱ्या पोलिसाच्या, म्हणजे हस्तकाच्या तोंडून ऐकावं लागतं. शिवाय रासायनिक चाचणीतल्या रसायनाला स्वतःची इच्छा नसते, श्वानाला असते, आणि जिथे विचार तिथे चूक, अगदी स्वतःची फसवणूकसुद्धा शक्य. 2008च्या एका निकालातही न्यायालयाने श्वानाचा माग तपासाच्या कामाचा, पण भक्कम पुरावा नव्हे, असंच मानलं.

ही शंका नेदरलँड्समध्ये खरी ठरली. तिथे संशयितासह अनेकांचा वास नळ्यांवर घेऊन त्या ओळीने मांडत आणि श्वानाला त्यांतून एक निवडायला लावत. 1997 ते 2006 या काळात देशाच्या काही भागांत हस्तकांना नळ्यांचा क्रम आधीच ठाऊक असायचा, असं पुढे उघड झालं. हस्तकाचा नकळत झालेला इशाराही श्वानाला पुरतो.

मग इच्छा नसलेल्या रसायनालाच विचारलं तर? गॅस क्रोमॅटोग्राफी वासातली संयुगं एकेक करून सुटी करते, मास स्पेक्ट्रोमेट्री त्यांची ओळख पटवते. आम्लं, अल्डिहाइडं, कीटोनं यांचं प्रमाण माणसागणिक बदलतं. 2023मध्ये फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातल्या केनेथ फर्टन आणि सहकाऱ्यांनी 60 जणांच्या तळहातांच्या वासावरून हात पुरुषाचा की बाईचा, हे 96.67 टक्के अचूक सांगितलं. पण 60 जणांतला नेमका कोण, हा प्रश्न त्याहून फार अवघड. आणि यंत्राला झुडपांतून चोरामागे धावता येत नाही.

त्यामुळे दीपनगरसारख्या ठिकाणी श्वान अजून पुढे आणि पोलीस त्याच्या मागे. वाटेत टाकलेली पहार, कुंपणावरचा ठसा, जे सापडेल, त्याचा पंचनामा होतो. महामार्गावर श्वान घुटमळतं, हस्तक त्याला पाणी पाजतो, आणि पोलीस जवळच्या पेट्रोल पंपावरचे कॅमेरे तपासायला निघतात.