मोटारीच्या चाकांना संरक्षक लेप : निवड कशी करावी?

हंगाम संपला की शेतकरी नांगराचा फाळ धुऊन पुसतो, त्यावर तेलाचा हात फिरवितो आणि मगच तो छपराखाली ठेवतो. लोखंडाला हवा व पाणी यांच्या संगतीपासून दूर ठेवले तर ते टिकते, हे ज्ञान आपल्या गावांना नवे नाही. मोटारीच्या चाकांना दिल्या जाणाऱ्या संरक्षक लेपांमागेही हेच साधे तत्त्व आहे. फरक इतकाच की, फाळ छपराखाली विसावतो. चाक मात्र चिखल, खडी, ऊन आणि ब्रेकची उष्णता सोशीत अखंड फिरत असते.

हैदराबादचा अनुभव

हैदराबाद आणि मराठवाडा यांचा रस्त्याचा संबंध जुना आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. त्या राज्यात १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेच्या एका शाखेने अवघ्या २७ बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. आजही नांदेड, लातूरकडील अनेक मोटारी व्यापारासाठी आणि औषधोपचारासाठी या शहराकडे धावत असतात.

शहरातील चौमहल्ला राजवाड्यात १९१२ ची पिवळी रोल्स-रॉईस मोटार जपून ठेवलेली आहे. छताखाली उभ्या असलेल्या अशा गाडीच्या चाकांना कोरड्या फडक्याचा हात पुरतो. रोज धावणाऱ्या गाडीचे तसे नाही. हैदराबाद समुद्रापासून दूर, पठारावर वसले असल्यामुळे रत्नागिरी किंवा मालवणप्रमाणे खाऱ्या वाऱ्याचा उपद्रव तेथे होत नाही. तथापि उन्हाळ्यातील प्रखर ऊन, बांधकामांची कठीण धूळ आणि पावसाळ्यात रस्त्यावर साचणारे गढूळ पाणी ही तिन्ही संकटे तेथे आहेतच. त्यांत भर पडते ती ब्रेकच्या भुकटीची. ब्रेक दाबला की बिडाच्या तबकडीचे तापलेले सूक्ष्म कण उडतात, चाकावर चिकटतात आणि ओल लागताच गंजून नारिंगी ठिपके पाडतात.

प्रथम धातू ओळखावा

लेप निवडण्यापूर्वी चाक कोणत्या धातूचे आहे, हे पाहावे. पोलादी चाकाला लोहचुंबक चिकटतो. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, म्हणजे ‘अलॉय’ चाकाला तो चिकटत नाही. दोहोंची झीज वेगळी असते. पोलादाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो; त्यामुळे तो रंगाखाली फुगतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट भुकटी जमते आणि पारदर्शक लेपाखाली अळीने पोखरल्यासारख्या बारीक रेषा उमटतात.

लेपांचे प्रकार

मेण हा सर्वांत स्वस्त लेप होय. तो घरी लावता येतो. परंतु ब्रेकच्या उष्णतेमुळे आणि धुण्यामुळे काही आठवड्यांत निघून जातो.

‘सिरॅमिक’ या नावाने विकले जाणारे द्रव लेप बहुधा सिलिकायुक्त असतात. त्यांचा थर एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याच्या दुप्पट असतो. मळ कमी चिकटतो आणि चाक धुणे सोपे होते, हा त्यांचा खरा गुण. खडीचा ओरखडा ते थोपवू शकत नाहीत, तसेच आधीच सुरू झालेला गंजही बरा करीत नाहीत. रंग शाबूत असलेल्या चाकासाठीच त्यांवर खर्च करणे योग्य.

रंग उडालेल्या चाकासाठी पावडर कोटिंग हा टिकाऊ मार्ग आहे. यात विद्युतभारित भुकटी चाकावर फवारून ती साधारणतः १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वितळविली जाते. तयार होणारा थर ६० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो आणि बारीक खडीचा मारा तो बऱ्यापैकी सोसतो. पोलादी चाकावर चांगला प्राइमर आणि दोन हात रंग दिला तरीही काम भागते व खर्च कमी येतो.

क्रोमचा मुलामा डोळ्यांत भरतो. परंतु त्याला बारीक तडा गेला की पाणी आत शिरते आणि खालचा धातू झपाट्याने खराब होतो. आपल्या रस्त्यांवर तो टाळणे बरे.

शोभेपेक्षा सुरक्षितता

लेप कोणताही असो, त्याचे आयुष्य खालच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. गंज, तेल व जुना सुटलेला रंग पूर्णपणे न काढता दिलेला महागडा लेपही व्यर्थ जातो. मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाचा जुना रंग भट्टीत जाळून काढू देऊ नये. या चाकांना कारखान्यात विशिष्ट उष्णता देऊन बळकटी आणलेली असते. अतिरिक्त उष्णतेने ती कमी होते आणि बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

दुसरी दक्षता नटांची. नट जेथे बसतात ती जागा आणि चाक हबला टेकते तो भाग यांवर जाड लेप देऊ नये. दाबाखाली तो थर बसतो, नट सैल होतात आणि धावत्या गाडीचे चाक निखळण्याचा धोका उद्भवतो. काम झाल्यावर नट ठरलेल्या जोराने आवळावेत व सुमारे १०० किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासावेत. चाकाला चीर असेल तर लेपाने ती झाकली जाईल, बुजणार नाही. असे चाक बदलणे हाच उपाय. चाके धुण्यासाठी तीव्र अ‍ॅसिड वापरू देऊ नये. त्याने लेप तर जातोच, शिवाय धुणाऱ्या कामगाराच्या हातांना व डोळ्यांना इजा होते.

संशोधनाची जोड

लेपांचे शास्त्र हैदराबादला अपरिचित नाही. तत्कालीन हैदराबाद राज्याने १९४४ साली स्थापन केलेली प्रयोगशाळा आज भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते; रंग व लेप हा तेथील अभ्यासाचा एक विषय आहे. शहरालगत बाळापूर येथील ‘एआरसीआय’ या केंद्र सरकारच्या संस्थेत अ‍ॅल्युमिनियमचा भाग द्रावणात बुडवून, उच्च दाबाची वीज देऊन, त्याच्या पृष्ठभागावर कठीण सिरॅमिक थर निर्माण करण्याचे तंत्र विकसित झाले आहे. असे थर घर्षण सोसणाऱ्या यंत्रभागांसाठी असतात. घरच्या मोटारीच्या चाकांना त्यांची आवश्यकता नाही. ज्या कामाला जो लेप योग्य, तोच त्याला द्यावा, हा बोध मात्र त्यातून घेता येतो.

थोडक्यात, रंग शाबूत असेल तर नियमित धुणे व मेण किंवा सिरॅमिक लेप पुरेसा आहे. रंग उडाला असेल तर पृष्ठभाग स्वच्छ करून नवा रंग किंवा पावडर कोटिंग द्यावे. आणि चाक चिरले असेल तर कोणत्याही लेपाच्या मोहात पडू नये. चाकाची चकाकी ही हौसेची बाब आहे, त्याची मजबुती मात्र गाडीतील प्रत्येकाच्या जिवाशी निगडित आहे, हे वाहनधारकांनी सदैव ध्यानात ठेवावे.